मीटरचे तोंड कोणाकडे?

‘स्टीम’ या दुकानातून संगणकावरचे गेम घेणाऱ्यांना प्रत्येक खेळाच्या नावाजवळ एक आकडा दिसतो: आजवर किती तास खेळलात. बरेच दिवस त्याकडे काणाडोळा होतो. मग एखाद्या रविवारी दुसरेच काही शोधताना तो वाचला जातो. बाराशे! मोजण्यात चूक झाली असेल, गेम रात्रभर चालूच राहिला असेल, ही पहिली शंका. ती अगदीच खोटी नसते, कारण खेळ मध्येच थांबवून जेवायला उठले तरी मोजणी चालू राहते. पण जेवणे वजा केली तरी आकडा काही फारसा उतरत नाही.

दिवसाला तीन तास खेळतो, या वाक्याने कोणी दचकत नाही. संध्याकाळच्या मालिका पाहणाऱ्या घरांत तेवढा वेळ सहज जातो. तेच तीन तास वर्षाचे केले की १०९५ होतात, म्हणजे अहोरात्र धरून पंचेचाळीस दिवस. कामाच्या आठ तासांच्या दिवसांत मोजले तर १३७ दिवस, पाच दिवसांच्या आठवड्याने सहा महिन्यांची नोकरी. पोटात गोळा येतो तो इथे.

खेळताना हा हिशेब लागत नाही, याचा दोष एकट्या खेळणाऱ्याच्या स्वभावाला देता येणार नाही. फोन आडवा धरून गेम सुरू केला की पडद्यावरची वरची पट्टी जाते आणि तिच्याबरोबर घड्याळही. ‘बीजीएमआय’ या मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात शंभर जण बेटावर उतरतात, शेवटपर्यंत टिकले तर साधारण अर्धा तास, लवकर मेले तर लगेच नवा डाव. अर्धा तास हे माप मोठे लबाड आहे, ते कधीच ‘फार’ वाटत नाही. ‘कँडी क्रश’ची तऱ्हा वेगळी. पाच जीव गेले की खेळ बंद, आणि एक जीव परत यायला तीस मिनिटे. वरवर पाहता ही शिस्त. प्रत्यक्षात माणूस दिवसातून सात वेळा डोकावतो आणि ज्याला थांबवत नाही तो पैसे मोजतो.

२००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाची गोष्ट तर गेमच्या धंद्यात दाखल्यासारखी सांगतात. चाचणीच्या काळात नियम असा होता की सलग खेळत राहिले की गुणांची मिळकत घटायची. खेळाडू चिडले. कंपनीने गणित जवळपास तेच ठेवले आणि भाषा बदलली: विश्रांती घेऊन येणाऱ्याला जादा मिळकत. कुरकुर थांबली. वेळ कसा हाताळायचा हे ज्यांना इतके नेमके ठाऊक आहे, त्यांच्याकडे त्याची नोंद नसेल कशी? ऑनलाइन खेळात तुम्ही कधी आलात, कधी गेलात, कोणत्या पायरीला कंटाळलात, हे कंपनीला त्याच क्षणी कळते. स्टीमवर विकत घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर पैसे मिळतात. म्हणजे पैशाचा प्रश्न आला की मिनिटांचाही हिशेब असतो. मीटर पहिल्या दिवसापासून पडलेला आहे, फक्त खेळ चालू असताना त्याचे तोंड प्रवाशाकडे नसते.

मग बाराशे तास म्हणजे व्यसन का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून अमलात आणलेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, पण त्याच्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे सर्वसाधारणपणे वर्षभर चालणे, अशा त्या खुणा आहेत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सात खेळांच्या सुमारे ३९ हजार खेळाडूंच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. खेळलेल्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर परिणाम जवळपास नाही, असे त्यांना आढळले. लक्षात घ्यायचे ते हे, की या नोंदी त्यांना कंपन्यांकडून मिळवाव्या लागल्या.

सरासरीला परिणाम दिसला नाही म्हणून घरातल्या एकाचा प्रश्न सुटत नाही, हेही खरे. शनिवारी रात्री पुण्यातला भाऊ आणि न्यू जर्सीतली बहीण एका संघातून खेळतात, त्यांच्यासाठी ते दोन तास गप्पांचे असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री अडीचपर्यंत एकट्याने खेळलेले दोन तासही मीटरवर दोनच दिसतात. तास कुठून काढले, झोपेतून की टीव्हीतून, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हणूनच आकडा त्याच्यासमोर हवा.

सरकारांनी आजवर धरली ती वाट कुलपाची. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घ्यायचे ठरवले. चीनने २०२१ पासून अठराखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. मुलांनी मोठ्यांची खाती वापरू नयेत म्हणून चेहरा तपासण्याचेही उपाय झाले. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मधल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. वेळ लावून खेळायच्या खेळांवर त्याचा रोख नाही, आणि तो असावा असे आम्हाला वाटतही नाही. मे २०२३ मध्ये बंदीनंतर ‘बीजीएमआय’ परतला तेव्हा अल्पवयीनांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास अशी मर्यादा जाहीर झाली होती. सहा तासांचे वर्षाला २१९० होतात. पाच दिवसांच्या आठवड्याच्या नोकरीचे तासही एवढे भरत नाहीत!

आमची मागणी याहून साधी आहे. फोनमध्ये कुठेतरी आत वापराचे तास सापडतात, पण मुद्दाम उघडल्याशिवाय नाही. डाव संपल्यावर निकालाचा पडदा येतो; त्यावर किती जणांना टिपले, कितवा क्रमांक आला हे दिसते. त्याच पडद्यावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, आज किती वेळ झाला आणि या महिन्यात किती, एवढे दोन आकडे दाखवणे सक्तीचे करावे. तसा नियम लिहायला दोन ओळी पुरतील, आणि माहिती कंपनीकडे आहेच. आज त्या जागी पुढच्या डावाचे बटण असते, पडद्यावरच्या सगळ्यांत ठळक रंगात.