आवडता पक्षी मोरच का?

माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो आणि झेंडावंदनाला आलेल्या पालकांनो,

आपण भिंतीपाशी थांबलाच आहात तर दहा मिनिटे माझे म्हणणे वाचावे, ही विनंती. विषय लहान आहे. आपला आवडता पक्षी कोणता, आवडती भाजी कोणती, आवडते फूल कोणते, असे प्रश्न आपण एकमेकांना विचारतो. त्यांची उत्तरे कशी द्यावीत, यावर मला मत मांडायचे आहे.

जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा गुरुजींनी वर्गासाठी एक ओळखवही केली. प्रत्येकाला एक पान आणि पानावर दहा प्रश्न. आम्ही सर्वांनी भराभर लिहिले. वही भरल्यावर गुरुजींनी ती मोठ्याने वाचून दाखविली. फूल गुलाब, पक्षी मोर, फळ आंबा, खेळ क्रिकेट, मोठेपणी डॉक्टर नाही तर कलेक्टर. दुसरे पान तसेच. तिसरे पान तसेच. गुरुजी हसले आणि म्हणाले, "अरे, उद्या तुमच्यापैकी एखादा पाचोडच्या बाजारात हरवला, तर ही वही घेऊन तो सापडेल का रे?"

आम्हीही हसलो. पण मला आतून लाज वाटली. कारण मी शेजारच्याचे बघून लिहिले होते. मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे, १९६३ सालापासून आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु मी मोर नीट असा एकदाच पाहिला आहे, तोही लांबून. मग तो माझा आवडता कसा झाला?

साऱ्या वर्गात एकाच मुलाने वेगळे लिहिले होते. त्याने लिहिले होते, टिटवी. वर्ग खो खो हसला. टिटवी ओरडली की अपशकुन, असे मोठी माणसे म्हणतात. गुरुजींनी त्याला विचारले, "टिटवी का रे बाबा?" तो म्हणाला, "गुरुजी, रात्रीची लाइट असली की मी आमच्या दादांसंगं पाणी द्यायला जातो. दादा बारं धरायला लांब जातात. मी मोटारीपाशी एकटाच असतो. टिटवी ओरडली की वाटतं, चला, कुणीतरी जागं हाय."

मग कोणी हसले नाही. चार वर्षे मी त्या मुलाच्या शेजारी बसतो. तो रात्री शेतात जातो, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून माझे पहिले मत असे आहे की, प्रश्न लहान असला तरी उत्तर खरे लिहावे. गुरुजींनी आम्हाला वाचनाच्या तासाला एक गोष्ट सांगितली. फ्रान्स देशात मार्सेल प्रूस्त नावाचे मोठे लेखक १८७१ साली जन्मले. ते चौदा-पंधरा वर्षांचे असताना एका मैत्रिणीने अशीच प्रश्नांची वही त्यांच्यापुढे ठेवली. तसल्या छापील वह्या तेव्हा इंग्लंडात विकत मिळत असत. त्यात एक प्रश्न होता, तुम्हाला सर्वांत मोठे दुःख कोणते वाटते? मोठमोठे शब्द न वापरता त्या मुलाने सरळ लिहिले की, आईपासून दूर राहणे. पुढे ते इतके प्रसिद्ध झाले की, अशा प्रश्नावलीला आज जगभर त्यांचेच नाव आहे. ते वहीचे पान २००३ साली लिलावात एक लाखाहून जास्त युरोला विकले गेले. माझे गुलाब, मोर, आंब्याचे पान मात्र कोणी रद्दीच्या भावानेही घेणार नाही.

कार्ल मार्क्स हे जगप्रसिद्ध विचारवंत. त्यांनीही १८६५ साली आपल्या मुलींच्या हौसेखातर अशा प्रश्नांना उत्तरे दिली. आवडता रंग तांबडा, आवडता पदार्थ मासे आणि आवडता उद्योग पुस्तकांत डोके खुपसून बसणे. एवढ्या मोठ्या माणसाला त्यात कमीपणा वाटला नाही. तर मग आपल्याला का वाटावा?

तेव्हा मी माझे पान पुन्हा लिहिले. ते येथे देतो. हसायचे असेल तर हसा, पण खरे आहे.

आवडते फूल: मोसंबीचे. सध्या आंबिया बहराचे दिवस आहेत. सकाळी बागेत गेले की वास असा येतो की दात घासायचे विसरतात.

आवडते फळ: बोर. घरी मोसंबीची बाग असल्यामुळे मोसंबीचा कंटाळा आला आहे. पाहुणे मात्र पिशव्या भरून नेतात.

आवडता पक्षी: साळुंकी. ती आमच्या कुत्र्याच्या ताटलीतली भाकरी त्याच्या देखत पळवते. कुत्रा नुसता बघत राहतो.

आवडता वार: रविवार. शाळेला सुट्टी असते म्हणून नव्हे, तर आमच्या पाचोडचा बाजार असतो म्हणून. दादांच्या पिशवीत भाजीच्या खाली भज्याचा पुडा असतो. तो आधी कोण शोधतो, यावर आमची भावंडांची शर्यत लागते.

कशाची भीती वाटते: एकोणिसाच्या पाढ्याची.

मोठेपणी कोण होणार: ट्रक ड्रायव्हर. आमच्या गावावरून धुळे-सोलापूर हमरस्ता जातो. कितीतरी राज्यांच्या नंबरचे ट्रक त्यावरून जातात. ते कोठून येतात नि कोठे जातात, हे मला पाहायचे आहे. हे दादांना सांगितले तेव्हा ते जेवता जेवता थांबले. म्हणून जूनच्या वहीत मी कलेक्टर लिहिले होते. आज दादा येथे उभे राहून हे वाचत असतील, तर त्यांनी रागावू नये. कलेक्टरही चालेल, पण आधी ट्रक.

आता माझे दुसरे मत सांगतो. ते सांगताना माझी चूकही सांगावी लागेल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी स्वतःची एक वही केली. प्रश्न मीच काढले. सुट्टीत कोठे फिरायला गेलात? घरी गाडी कोणती आहे? वाढदिवसाला काय मिळाले? मला वाटले, फार भारी प्रश्न काढले. तेव्हाच आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली होती. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. ती मामाकडे राहून शिकते. मी तिला वही दिली. दुसऱ्या दिवशी तिने परत केली. नावापुढे नाव होते. बाकी सगळे पान कोरे.

मी म्हणालो, "अगं, काहीच कसं लिहिलं नाहीस?" ती म्हणाली, "तुझ्या प्रश्नांचं उत्तर माझ्यापाशी न्हाई. दुसरा इचार की."

दुसरा कोणता विचारावा, हे मला सुचेना. मी सहज म्हणालो, "बरं, तुला काय आवडत नाही ते सांग." ती लगेच म्हणाली, "उसाचा रस." आम्ही सगळे चकित झालो. उसाचा रस न आवडणारे माणूस असते का? ती म्हणाली, "तुमची माय सहा महिने ऊस तोडाया गेली तर तुम्हाला तरी गोड लागंल का?"

प्रूस्त नावाच्या त्या मुलाचे उत्तर आणि हिचे उत्तर एकच आहे, असे मला तेव्हा वाटले. फक्त हिने ते रसात घालून सांगितले.

तेव्हापासून मी ठरविले की, ज्याचे उत्तर प्रत्येकाजवळ असते, तोच प्रश्न विचारायचा. गाडी कोणती, याचे उत्तर काहींजवळच असते. कोणता आवाज आवडतो, याचे उत्तर सर्वांजवळ असते. कशाचा वास आवडतो, कशाला भितोस, हसू कशाने येते, हे सर्वांना सांगता येते. त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यात कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

आपल्याकडे बाजारात कोणी म्हातारे माणूस भेटले की विचारते, "कोणाचा रं तू?" आपण वडिलांचे नाव सांगतो, मग आजोबांचे सांगतो, मग ते म्हणतात, "हां हां, त्यांचा व्हय!" आणि पुढे जातात. त्यांना आपले घराणे कळते, पण आपण कळत नाही. शाळेच्या फॉर्मावर नाव, जन्मतारीख, जात, आधार नंबर लिहावा लागतो. ते कामाला लागते, त्याला माझा विरोध नाही. परंतु रसाचा किंवा टिटवीचा रकाना कोणत्याच फॉर्मात नसतो. तो आपला आपणच आखला पाहिजे.

हे सर्व मी घरी सांगितले, तेव्हा आमचे चुलते म्हणाले, "असल्या प्रश्नानं मार्कं मिळतेत का?" मिळत नाहीत, हे खरे आहे. पण त्या नव्या मुलीला आता मधल्या सुट्टीत एकटे बसावे लागत नाही. माझ्या मते ते दोन-चार मार्कांपेक्षा कमी नाही.

त्याच रात्री मी वही घेऊन घरातल्यांना प्रश्न विचारले. आबांना विचारले, "आबा, आवडता आवाज कोणता?" आबा म्हणाले, "मोटार चालू केल्यावर पाइपात पाण्याचा पहिला हबका येतो, त्यो." मग ते थोडे थांबून म्हणाले की, २०१२ साली दुष्काळ पडला तेव्हा तो आवाज आला नाही आणि जुनी बाग उभी वाळली. आमच्या आताच्या बागेच्या आधी दुसरी बाग होती, हे मला माहीतच नव्हते.

आई भाकरी करीत होती. मी विचारले, "आई, तुझी आवडती भाजी कोणती?"

"तुम्हाला आवडती ती."

"तसं चालत नाही. वहीत खरं लिहायचं असतं."

"आता काय लिहायलास रं माझं? जा, पाटावर ताटं मांड." मी हटलो नाही. शेवटी तव्यावरची भाकरी उलटून ती हळूच म्हणाली, "करडीची. कवळी, लसूण घालून. माझी माय करायची."

आमच्या घरी करडीची भाजी कधी झालेली मला आठवत नाही. दादांना आवडत नाही, मी तोंड वाकडे करतो, म्हणून ती करीतच नाही. बारा वर्षे मी तिच्या हातचे जेवतो आणि तिला काय आवडते, हे मी एकदाही विचारले नव्हते. पुढच्या रविवारी मी बाजारातून करडीची जुडी आणली. भाजी मला अजूनही आवडली नाही. पण आईने त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.

म्हणून माझे मत एवढेच आहे. प्रश्न असा विचारा की समोरच्याची पाटी कोरी राहू नये. उत्तर असे द्या की ते तुमचेच असावे. मोर ज्याला खरोखर आवडतो त्याने मोर जरूर लिहावा.

या कागदाच्या खाली एक कोरा कागद लावला आहे आणि दोऱ्याला पेन्सिल बांधली आहे. त्यावर दोनच प्रश्न आहेत. तुमचा आवडता आवाज कोणता? तुमची आवडती भाजी कोणती? पालकांनी लिहिल्याशिवाय जाऊ नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपल्या मुलाला सांगावे, तो लिहील. बायांनी "तुम्हाला आवडती ती" असे लिहू नये. ते उत्तर धरले जाणार नाही.

आपला,
इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी
जिल्हा परिषद शाळा, पाचोड, तालुका पैठण