तळ्यातल्या माशांचा वाली कोण?

मृगाचा दमदार पाऊस होऊन गिरिजा नदीला पहिले पाणी आले की फुलंब्रीच्या पंचक्रोशीत एक दृश्य हमखास दिसते. ओढ्यांच्या मुखाशी आणि बंधाऱ्यांच्या सांडव्याखाली जाळी, जुनी धोतरे, प्रसंगी मच्छरदाण्याही लावून माणसे बसलेली असतात. अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध निघालेले चढणीचे मासे अलगद हाती लागतात. गाभोळीने भरलेली एक मादी पकडणे म्हणजे हजारो पिले जन्मण्यापूर्वीच संपविणे, हा विचार त्या घटकेला कोणाच्या मनाला शिवत नाही. पुढे उन्हाळ्यात तळे रिकामे निघाले की दोष दुष्काळाच्या माथी मारला जातो. दुष्काळ दोषी आहेच. पण तो एकटा नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी मासे शिजत नाहीत. त्यामुळे हा विषय आपला नव्हे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रश्न ताटाचा नसून तळ्याचा आणि त्या तळ्यावर जगणाऱ्या आपल्याच बांधवांचा आहे. मराठवाड्यातील भोई, कहार, कोळी समाजांतील कित्येक कुटुंबांकडे गुंठाभरही शेती नाही. पाणी हेच त्यांचे शेत. ते शेत नापीक झाले की या कुटुंबांसमोर ऊसतोडीचा कोयता किंवा शहरातील झोपडपट्टी, एवढेच पर्याय उरतात.

आपल्या तलावांतील मासेमारीचे गणित समजून घेतले पाहिजे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी अन्न शोधतो. म्हणून हे तिन्ही एकत्र सोडले तर पाण्याचा प्रत्येक थर उपयोगी पडतो. मात्र हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील. साचलेल्या पाण्यात ते वितत नाहीत. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने त्यांचे प्रजनन घडवून आणले, आणि मत्स्यबीजासाठी केवळ नदीवर विसंबण्याची गरज संपली. तरीही दरवर्षी बीज आणून सोडावेच लागते, आणि नेमकी तिथेच आपली गफलत होते. इवलेसे मत्स्यजिरे थेट मोठ्या तलावात सोडले की त्यातील बहुतांश मरळ, शिवडा अशा भक्षक माशांच्या तोंडी जाते. मनूने हाती आलेल्या लहानग्या माशाला आधी कमंडलूत, मग तळ्यात, मग नदीत आणि अखेरीस सागरात नेले, ही मत्स्यावताराची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पिलू बोटाएवढे होईपर्यंत लहान तळ्यात सांभाळायचे आणि मगच मोठ्या पाण्यात सोडायचे, हेच आजचे मत्स्यशास्त्रही सांगते. फुलंब्रीसारख्या तालुक्यात, जिथे अनेक पाझर तलावांत जेमतेम सहा-आठ महिने पाणी टिकते, तिथे तर बोटुकलीलाच पर्याय नाही.

दुसरी गफलत ठेक्याची. तलाव एका खात्याचा, मासेमारीचा ठेका दुसऱ्या खात्याकडे आणि पाणी सर्वांचे! कागदावर मच्छीमारांची सहकारी संस्था असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पैसा लावणारा कोणी तिसराच असतो आणि सभासद त्याच्याच जाळ्यावर रोजंदारीने राबतात. ज्याला ठेक्याची मुदत संपेपर्यंतच फायदा काढायचा आहे, तो बारीक आसाचे जाळे टाकून बोटुकलीसुद्धा सोडत नाही. मालकी नाही तिथे ममत्व कुठून येणार?

यातून मार्ग नाही असे मात्र नाही. पूर्व विदर्भात गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि गावाचे लक्ष उडाले. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन वेगळे काम उभे केले. तलावातील बेशरमीची झुडपे उपटली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि गावठी मासे परतू लागले. या कामात ढिवर स्त्रिया अग्रभागी होत्या. पिढीजात ज्ञान आणि अभ्यास यांची सांगड घातली की काय घडते, त्याचा हा वस्तुपाठ होय.

रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने मासे राखले जातात. तिथे कोणी जाळे टाकत नाही. अशा अभय मिळालेल्या डोहाची गरज गिरिजेलाही आहे. प्रत्येक तलावाचा एक खोल कोपरा ग्रामसभेने राखीव ठरवावा. इथे शेतकरी बांधव विचारतील, ‘मोसंबीची बाग डोळ्यांदेखत जळत असताना आम्ही माशांसाठी पाणी सोडायचे काय?’ प्रश्न रास्त आहे. म्हणूनच हा निर्णय एप्रिलमध्ये भांडणाच्या वेळी नव्हे, तर दिवाळीपूर्वी, तलावातील साठा डोळ्यांसमोर असताना व्हावा. बागेला किती, गुरांना किती आणि डोहात किती, हे सर्वांसमक्ष ठरले की रात्री चोरून मोटार टाकण्याची वेळ येत नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण त्याचा लाभ खऱ्या मच्छीमारापर्यंत पोहोचायचा तर संस्थांच्या सभासद याद्या गावानेच तपासल्या पाहिजेत. विणीच्या दोन महिन्यांत जाळे बंद ठेवणाऱ्या कुटुंबाला त्या काळात रोजगार हमीचे काम मिळावे, यासाठी पाठपुरावा व्हायला हवा. पैठणसारखी मत्स्यबीज केंद्रे जिल्ह्यातच आहेत. तिथून बीज आणून गावच्या शेततळ्यात बोटुकली वाढविण्याचे काम बचत गटांच्या भगिनी सहज करू शकतील.

ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी यंदा एवढे तरी करावे. आपल्या गावच्या तलावाचा ठेका कोणाच्या नावे आहे आणि जाळे प्रत्यक्षात कोणाचे आहे, याची नोंद ग्रामसभेत मागावी. ही दोन उत्तरे जिथे वेगळी निघतील, तिथूनच कामाला हात घालायचा आहे.