आपले उदमांजर, शेजाऱ्याचे खुराडे

नागपूर शहराच्या दक्षिण अंगास मनीषनगर म्हणून वस्ती आहे. आज जेथे चार-चार मजली घरे उभी आहेत, तेथे एके काळी वावरे होती, बांधावर आंबे होते, बोरी होत्या. वावरांचे ले-आउट पडले, ले-आउटाचे प्लॉट झाले आणि प्लॉटांवर घरे चढली. वावर विकणारा शेतकरी पुढे कोठे गेला, याची चौकशी कोणी केली नाही. मग त्या आंब्याच्या ढोलीत राहणाऱ्या उदमांजराची चौकशी कोण करणार? शेतकरी आणखी पलीकडे सरकला. उदमांजर मात्र कोठेही गेले नाही. ते नव्या घरांच्या छपरात राहावयास आले.

हे जनावर आमच्या वाचकांस नवे नाही. मांजराहून लांबट, काळपट करडे, तोंडावर काळा पट्टा, अंगाइतकी लांब शेपूट, वजन तीन-चार किलो. दिवसा ते ढोलीत, आढ्यावर, कवेलूंखाली किंवा पक्क्या घराच्या खोट्या छताच्या पोकळीत झोपते आणि अंधार पडला की बाहेर निघते. आंबा, सीताफळ, पपई, जांभूळ, उंबर ही त्याची आवडती फळे. जोडीला उंदीर, किडे, सरडे. आणि खुराडे उघडे सापडले तर अंडी व कोंबड्या. फळातील बिया त्याच्या पोटातून धडधाकट बाहेर पडतात व दूर कोठे तरी रुजतात. बांधावर कोणी न लावता उगवलेल्या झाडांपैकी काही तरी झाडे याची पेरणी होय. उंदीर खाते म्हणून ते शेतकऱ्याचा चाकर, आणि कोंबडी नेते म्हणून चोर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपविणे आम्हांस मान्य नाही.

याचे दुसरे नाव लोकांत मसण्याऊद असे आहे. नावावरून मसणातील प्रेते उकरणारे हे जनावर, असा समज पसरला व त्याबरोबर भीतीही पसरली. रात्री छतावर धपधप झाली, काही ओढल्याचा आवाज आला की घरावर करणी झाली म्हणावयाचे आणि मांत्रिकास बोलवावयाचे. आमच्या माहितीतील एका घरी असेच घडले. मांत्रिकाने लिंबे कापली, राख फुंकली, रोख रक्कम घेतली आणि जाताना उतारा म्हणून एक काळी कोंबडी काखेत मारून नेली. आवाज होता तसाच राहिला. पुढे दिवाळीच्या सफाईत माळ्यावर उदमांजराची लेंडी व आंब्याच्या कोया निघाल्या. म्हणजे त्या घरची कोंबडी उदमांजराने नेलीच नव्हती, ती मांत्रिकाने नेली! घरातील आवाजाचे कारण पाहण्यास एक शिडी व एक बॅटरी लागते. त्यासाठी मंत्र लागत नाही.

परंतु भूत न मानणारे शिकलेले लोक तरी काय करितात? ते पिंजरा आणतात. आज आम्हांस मुख्यतः त्या पिंजऱ्याविषयी बोलावयाचे आहे.

मनीषनगराच्या बाजूस एका सुखवस्तू गृहस्थाच्या छतात उदमांजर शिरले. त्याने लोखंडी पिंजरा आणून आत पिकले केळ टांगले. दुसऱ्या रात्री जनावर अडकले. गृहस्थाने पिंजरा मोटारीच्या डिकीत घातला, पहाटे एका खेड्याच्या शिवेवर नेऊन दार उघडले आणि आपण पुण्याचे काम केले अशा समाधानाने तो घरी येऊन चहा प्याला. त्या शिवेला लागून बुरूडकाम करणाऱ्या एका विधवा बाईंची झोपडी आहे. टोपल्या-सुपांना गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून त्यांनी सांधवाडीत कोंबड्या पाळल्या होत्या. पुढल्या आठवड्यात त्यांची मुलगी शाळेत वही न घेता आली. विचारले तेव्हा म्हणाली, "गुरुजी, कोंबड्या गेल्या. अंडी नाहीत, म्हणून वही नाही." तेच जनावर खुराड्यात शिरले, असे शपथेवर आम्ही सांगू शकत नाही. परंतु अनोळखी मुलखात सोडलेले भुकेले जनावर पहिल्या रात्री काय शोधील, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही.

इकडे गृहस्थाच्या घरीही शांतता झाली नाही. चौथ्या दिवशी छतातून घाण सुटली. धरलेली मादी होती. तिची तीन पिल्ले पोकळीत उपासाने मेली होती. छत फोडून ती काढावी लागली. ज्या भोकातून मादी येत होती ते भोक तसेच राहिले होते, तेव्हा पावसाळा सरतो न सरतो तोच दुसरे उदमांजर त्याच वाटेने हजर झाले! पिंजऱ्याचा खर्च, मोटारीचा खर्च, छताचा खर्च. आणि फळ काय, तर बुरुडाच्या पोरीची वही गेली.

वाचकहो, एका ठिकाणची पीडा उचलून दुसऱ्याच्या दारी टाकणे यास उपाय म्हणत नाहीत. जगाने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. १८७२ साली जमेका बेटातील उसाच्या मळेवाल्यांपैकी एकाने उंदीर मारण्यासाठी कलकत्त्याहून आपली नऊ मुंगसे नेली. तेथून १८८३ साली ती हवाई बेटांत गेली. उंदीर निघतो बहुधा रात्री, मुंगूस फिरते दिवसा. त्यामुळे उंदीर राहिले आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी मात्र फस्त झाले. जपानातील अमामी बेटावर १९७९ साली विषारी साप मारण्यासाठी मुंगसे सोडली. त्यांनी साप सोडून तेथील दुर्मिळ सशांवर हात मारला. ती मुंगसे निपटून काढण्यास इतका काळ लागला की, बेट मुंगूसमुक्त झाल्याचे सरकारने २०२४ साली जाहीर केले. जर्मनीत १९३४ साली एडर तलावाकाठी रॅकून नावाच्या अमेरिकन जनावराच्या दोन जोड्या मुद्दाम सोडल्या होत्या. हाताने झाकण उघडणारे व छपरात घर करणारे हे जनावर आज त्या देशात ठिकठिकाणी डोकेदुखी झाले आहे. सोडणाऱ्या हातास दोन क्षण लागतात. निस्तरणाऱ्यांच्या पिढ्या जातात. उदमांजर आपल्याच मुलखातले आहे, ही गोष्ट निराळी. तथापि ते ज्याच्या शिवेत सोडले त्यास विचारले काय, हा प्रश्न तोच आहे.

आता कायद्याकडे पाहू. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ केवळ मारणे असा नाही. धरणे, फासात अडकविणे, पिंजरा लावणे, आमिष दाखविणे व तसा नुसता प्रयत्न करणे हेही शिकारीत येते. उदमांजर आणि मुंगूस दोन्ही या कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत. २०२२ साली कायदा दुरुस्त झाला व ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यात उपद्रवी प्राण्यांची जुनी यादीच काढून टाकण्यात आली. म्हणजे वनखात्याच्या परवानगीवाचून लावलेला पिंजरा हा गुन्हा आहे, मग पुढे जनावर प्रेमाने सोडले तरी.

येथे आम्हांस एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. फासेपारध्याने पोटासाठी तितराला फास लावला, तर त्याची झडती होते, फास जप्त होतात, खटला उभा राहतो. इंग्रज सरकारने १८७१ साली ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचा कायदा केला तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण शिक्का पुसला गेला नाही. बंगल्याच्या गच्चीवर मात्र पिंजरा उघड उघड लावलेला असतो आणि त्यास कोणी विचारीत नाही. कायदा वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. कायदा चांगला आहे, म्हणूनच तो गच्ची आणि पाल यांस एकाच नजरेने पाहील असा असला पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात जंगलखात्याचा जाच शेतकऱ्यास कसा सोसावा लागतो हे मांडले होते. शेतकऱ्याचे नुकसान हा किरकोळ विषय नव्हे, हे त्यांनी तेव्हा सांगितले. आजही ते सांगावे लागते. बिबट्याने बैल मारला तर सरकारदरबारी भरपाईची वाट आहे. पाच कोंबड्यांचा पंचनामा करावयास कोण येणार?

"मास्तर, उपदेश पुरे, कोंबड्या वाचवायच्या कशा ते सांगा," असे वाचक म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. तेव्हा क्रमाने सांगतो.

पहिले, खुराडे. कोंबड्या डालीखाली झाकून वर दगड ठेवण्याची आपली रीत आहे. पण डालीच्या फटीतून पंजा आत जातो. खुराड्यास अर्ध्या इंची जाड तारेची जाळी लावावी. पातळ जाळी दातांनी व नखांनी फाटते. जाळी खाली हातभर मातीत पुरावी, वरचा भागही झाकावा आणि दारास नुसती दोरी न बांधता कडी घालावी. दिवस मावळण्याआधी कोंबड्या मोजून आत घ्याव्या.

दुसरे, आमिष. परसातील पडकी फळे संध्याकाळीच वेचावी. उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये. कचऱ्याच्या डब्यास घट्ट झाकण हवे. रात्री कुत्र्या-मांजराचे अन्न बाहेर ठेवणे म्हणजे आवतण देणे होय.

तिसरे, वाट. छपरावर टेकणाऱ्या फांद्या छाटाव्या. ज्या झाडावरून ते चढते त्याच्या खोडास कमरेच्या वर दोन हात रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. नख रोवण्यास जागा मिळत नाही.

चौथे, भोक. ते एकदम बुजवू नये. आधी जुने कागद सैल कोंबून ठेवावे. तीन रात्री कागद हलले नाहीत तर घर रिकामे आहे, जाळी ठोकावी. कागद बाहेर पडले तर आत कोणी आहे. पिल्लांची चिवचिव ऐकू येते काय ते पाहावे. येत असेल तर दोन-तीन महिने धीर धरावा. पिल्ले मोठी होऊन आपल्या पायांनी निघतात. येत नसेल तर पोकळीत काही रात्री दिवा लावावा, बाजूस रेडिओ वाजवावा. उजेड व गडबड त्यास सोसत नाही. ते रात्री बाहेर गेल्याची खात्री झाली की भोक बंद करावे. शंभर पिंजऱ्यांचे काम हा जाळीचा एक तुकडा करितो.

पाचवे, जनावर अडकले, जखमी झाले किंवा घरात कोंडले गेले तर हात घालू नये. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वनखात्याचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करिते. चावा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन कुत्रे चावल्यावर देतात ती लस घ्यावी. हळद-चुना भरीत बसू नये, की मांत्रिकाकडे धावू नये.

आणि काय करू नये, हेही ऐकून ठेवा. कुंपणात विजेचा प्रवाह सोडू नका. रानडुकरांसाठी सोडलेल्या तारेने पहाटे पाणी द्यावयास निघालेला शेजारी, भाऊ, कधी तार लावणारा स्वतःच मेल्याच्या बातम्या विदर्भात वारंवार येतात. भाकरीत विष कालवून ठेवू नका. विष कोणास ओळखत नाही. ते घुबडास मारते, राखणीच्या कुत्र्यास मारते आणि रांगते पोरही त्याच्या हाताशी असते.

सरकारकडे आमचे मागणे थोडके आहे. शहर जेथे शेतात शिरत आहे त्या मनीषनगरासारख्या प्रत्येक सीमेवर वनखात्याने ग्रामपंचायतीत व शाळेत येऊन मराठीत, लोकांच्या बोलीत, ही माहिती सांगावी. धरलेले जनावर कोठे सोडले याची नोंद ठेवावी आणि ज्या गावाच्या शिवेत सोडावयाचे त्या गावास आधी कळवावे. गरीब घरांस खुराड्याची जाळी अल्प किमतीत मिळावी. वाघाच्या नावाने इतका पैसा खर्च होतो, तेथे एका जाळीचा पैसा जड होऊ नये.

लोकांकडे आमचे मागणे त्याहूनही थोडके आहे. आपल्या घरची पीडा रात्रीच्या अंधारात दुसऱ्याच्या शिवेवर नेऊन सोडण्याची सवय या देशात जुनी आहे, आणि ती केवळ जनावरांपुरती नाही. ज्याचे छत पक्के त्याने स्वतःचे भोक स्वतः बुजवावे. त्या बुरूड बाईंच्या खुराड्यास शाळेतील पोरांनी व आम्ही मिळून एका रविवारी जाळी ठोकली. बाईंनी पुन्हा चार पिल्ले आणली आहेत. ती अंड्यावर आली म्हणजे पोरीची वही येईल.