भिंतीवरचे गव्हाचे शेत

पनवेलला नवी खोली घेतली की समोरच्या भिंतीवर एखादे मोठे चित्र असावे असे वाटते. दुकानांत पिवळ्या गव्हाचे शेत, सुरूसारखी उंच झाडे आणि घुसळलेले आभाळ असे एक चित्र मिळते. मूळ चित्र डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे. १८८९ साली फ्रान्समधील मनोरुग्णालयात उपचार घेत असताना त्याने ते काढले.

त्याची हाताने रंगवलेली नक्कल घेण्यात कमीपणा नाही. खुद्द व्हॅन गॉगने हेच चित्र पुन्हा दोनदा रंगवले. मिले या फ्रेंच चित्रकाराचे पेरणी, कापणी, मळणी करणारे शेतमजूर त्याने काळ्या-पांढऱ्या छापांवरून रंगांत उतरवले.

मात्र कष्टाचा पैसा पारखून द्यावा. चित्र उजेडात तिरपे धरा. हाताच्या कामात रंगाचे उंचसखल थर दिसतात. छापील चित्रात भिंगाखाली बहुधा बारीक ठिपके दिसतात. छापावर पारदर्शक लेप दिलेला असेल, तर लेपाच्या रेघा चित्रातल्या फटकाऱ्यांशी जुळत नाहीत.

व्हॅन गॉग १८९० साली वारला. आज त्याच्या चित्राची नक्कल विकणे हा गुन्हा नाही. ती अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक आहे. म्हणून चित्रामागे 'नक्कल' असे आणि रंगवणाऱ्याचे नाव लिहून घ्या. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर ते लावू नका, बुरशी धरते.

आणि घासाघीस करताना ध्यानात ठेवा, नक्कल उतरवणाराही मजूरच आहे. त्याचीही मजुरी पुरी पडली पाहिजे.