गोरेपणाचे नवे दुकान



'रंगाने जरा डावी, पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्यातल्या फार थोड्या जणी कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातून सुटल्या असतील. आता असे उघडपणे बोलायला लोक कचरतात. त्याऐवजी 'उजळ', 'निखार', 'ग्लो' असे शब्द आले आहेत. शब्द बदलला म्हणून माल बदलला, असे मात्र नव्हे.

'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. २००२ साली अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तिच्या जाहिरातींविरुद्ध मोहीम उघडली. त्यातल्या एका जाहिरातीत मुलगा नाही म्हणून हळहळणारा बाप होता, आणि क्रीम लावून गोरी झाल्यावर हवाई सुंदरीची नोकरी मिळवणारी मुलगी होती. मुलगी असणे हा एक दोष, सावळी असणे हा दुसरा आणि दोन्हींवर उपाय एकच ट्यूब! २००३ साली सरकारने दखल घेतली. २०१४ साली जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक परिषदेने, म्हणजे 'ॲस्की'ने, सावळ्या रंगाला कमी लेखू नये असा नियम केला. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर वर्णद्वेषाविरुद्ध जगभर आंदोलन उसळले, तेव्हा कंपनीने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. त्याच सुमारास 'शादी डॉट कॉम'ने त्वचेच्या रंगावरून स्थळ निवडण्याची सोय काढून टाकली. या बदलांचे सगळे श्रेय परदेशातल्या आंदोलनाला देणे मला पटत नाही. इथल्या बायांची वर्षानुवर्षांची लढाई त्यामागे आहे.

पण ती लढाई एका समोर दिसणाऱ्या गोष्टीशी होती. चौकातला फलक सर्वांना दिसत असे, त्याखाली निदर्शने करता येत. टीव्हीवरची जाहिरात सासू-सून एकत्र पाहत, दुसऱ्या दिवशी नळावर तिच्याबद्दल बोलत. आज जाहिरात प्रत्येकीच्या हातातल्या मोबाइलवर वेगवेगळी येते. मुलीचे वय, तिचे गाव, कोणत्या व्हिडिओवर ती जास्त वेळ थांबली, याचा हिशेब ठेवून ती निवडली जाते. सतरा वर्षांच्या मुलीला जे दिसते ते तिच्या आईला दिसतच नाही. मग निदर्शने करायची कुठे?

शिवाय ती जाहिरात आहे हेच कळत नाही. पडद्यावर नटी नसते, शेजारच्या घरातली वाटावी अशी मुलगी असते. ती वऱ्हाडीत नाही तर मालवणीत गप्पा मारता मारता हातातली बाटली दाखवते. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेली शिफारस तशी आहे हे स्पष्ट सांगावे, असा 'ॲस्की'चा नियम २०२१ पासून आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. पण कोपऱ्यातली बारीक इंग्रजी अक्षरे आमच्या वस्तीतल्या मुली वाचत नाहीत. शिबिरात बिनफिल्टरचा फोटो काढा म्हटले, की त्याच मुली मोबाइल पालथा घालतात. आपला खरा चेहराच त्यांना परका वाटू लागला आहे. नॉर्वेने २०२१ साली कायदा केला, की जाहिरातीतल्या फोटोत शरीर किंवा त्वचा बदलली असेल तर तसे ठळक लिहावे लागेल. ही मागणी आपणही करायला हवी.

प्रश्न केवळ मनाचा नाही. केरळमध्ये कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. संशय पाऱ्यावर आहे. पारा त्वचेतला रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा लवकर उजळतो. तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. आपल्या नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण उत्पादकाचा पत्ता नसलेल्या डब्या व्हॉट्सॲपवरून विकल्या जातात, तेव्हा तपासणार कोण?

आणि या डब्या विकतात त्या बहुतेक वेळा आपल्याच बाया असतात. कर्ज काढून पार्लर टाकलेली, नवऱ्याची नोकरी गेल्यावर घरबसल्या चार पैसे मिळवणारी. तिला गुन्हेगार ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण डबीत काय आहे हे तिलाही कोणी सांगितलेले नसते, आणि दिवसभर ते हातांनी चोळून पहिला धोका तीच पत्करते. पार्लरवाल्या मैत्रिणींना बैठकीला बोलवायला हवे, ते त्यांच्या बाजूने उभे राहण्यासाठी. (८ मार्चला सवलतीची कुपने वाटून आपल्याला 'सबला' म्हणणाऱ्या कंपन्यांकडून ही अपेक्षा नाही.)

आम्ही आमच्या गटात एक सुरुवात केली आहे. महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या मोबाइलवर आलेल्या जाहिराती सर्वांना दाखवायच्या. आई, मुलगी, सून, सगळ्यांनी. पडद्याचा फोटो काढून तारखेसह वहीत नोंद करायची, म्हणजे तक्रारीला पुरावा राहतो. तक्रार 'ॲस्की'कडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी आहे का, तेही पाहायचे. तुमच्या भागात काय सापडते ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा. मराठीत 'ही जाहिरात आहे' असे ठळक लिहिलेला एखादा व्हिडिओ सापडला, तर तोही कळवा.