पदकाआधी कुत्र्याची मान

जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांचा संघ जर्मनीत 1899 साली स्थापन झाला आणि थोड्याच काळात या जातीची पारख करण्यासाठी संरक्षण-चाचण्या सुरू झाल्या. आज त्या ‘आयजीपी’ म्हणून ओळखल्या जातात. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन विभाग, प्रत्येकी 100 गुण.

गर्दी जमते ती तिसऱ्या विभागाला. कुत्रा भरधाव येतो आणि हाताला जाड बाही चढवलेल्या मदतनिसावर झेपावतो. मदतनीस ऐन क्षणी अंग वळवून तो वेग जिरवतो. तो ताठ उभा राहिला, तर सगळा धक्का कुत्र्याची मान, दात आणि कणा सोसतात. नवख्या माणसाच्या हातात बाही देणे हा म्हणूनच अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

हुकूम मिळूनही पकड न सोडणारा कुत्रा स्पर्धेतून बाद होतो. हा नियम योग्यच. पण पकड सोडायला त्याला शिकवले कसे, हे गुणपत्रिकेत दिसत नाही. प्रशिक्षणात काटेरी पट्टे वापरायला जर्मनीने 2022 पासून बंदी घातली, तेव्हा बर्लिनच्या पोलिसांनाही आपल्या काही श्वानांबाबत अडचण आली. वेदनेवर उभी केलेली शिस्त किती खोल रुजली होती, हेच त्यातून उघड झाले.

पहिल्या पातळीच्या परीक्षेसाठी कुत्रा किमान 18 महिन्यांचा लागतो. सरावाला मात्र असे बंधन पुरेसे नाही. तिथे हँडलरची, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याची, सद्सद्विवेकबुद्धीच हवी. वाढत्या सांध्यांवर उड्यांचा मारा त्याने टाळावा आणि लंगडणारा कुत्रा, अंतिम फेरी असली तरी, मैदानाबाहेर न्यावा.