शेवटच्या दिवसाची शिल्लक

दिवाळीला जुनी वही मिटवून नवी उघडणाऱ्या घरांना एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. रोकड, माल, येणे आणि देणे यांची खतावणी कितीही चोख लागली, तरी काही देणी कोणत्याच खात्यावर चढत नाहीत. त्यांना मुदत नसते, व्याज नसते आणि तारण तर मुळीच नसते. प्रशांत महासागरातील सामोआ बेटावर सुमारे एकशे तीस वर्षांपूर्वी असेच एक देणे फेडले गेले. ज्या दाम्पत्याच्या दारी ते फेडले गेले, त्यांच्या सहप्रवासाचा शेवटचा दिवस होता सोमवार, ३ डिसेंबर १८९४.

‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीमुळे जगभर पोहोचलेले स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी फॅनी यांचा विवाह १८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. फॅनी पतीहून दहा वर्षांनी मोठ्या. पहिल्या विवाहाची मुले त्यांच्यासोबत होती. स्टीव्हन्सन यांची छाती लहानपणापासून दुबळी. खोकल्यातून रक्त पडे आणि आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राहावे लागे. त्यांना मानवेल अशा हवेच्या शोधात हे दाम्पत्य स्कॉटलंड, स्वित्झर्लंड, फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिका असे फिरत राहिले. अखेर जून १८८८ मध्ये ‘कास्को’ नावाची नौका भाड्याने घेऊन त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोचा किनारा सोडला. मार्केसस, ताहिती, हवाई, गिल्बर्ट अशी बेटे पाहत डिसेंबर १८८९ मध्ये ते सामोआच्या आपिया बंदरात उतरले.

फॅनींना समुद्र कधीच मानवला नाही. जहाज हलू लागले की त्यांचे डोके गरगरे आणि अन्न पोटात टिकत नसे. परंतु समुद्रावर पतीचा खोकला थांबतो, हे त्यांनी पाहिले होते आणि तेवढ्या एका कारणासाठी त्यांनी हजारो मैलांचा तो प्रवास सोसला. प्रपंचात अशी कितीतरी देणी रोज मुकाट्याने फेडली जातात. त्यांची पावती कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही.

सामोआच्या उष्ण, दमट हवेत स्टीव्हन्सन घोड्यावर बसू लागले आणि बागेत काम करू लागले. सिडनीसारख्या शहरात गेले की प्रकृती पुन्हा बिघडे. त्यामुळे युरोपात परतण्याचा विचार सोडून त्यांनी आपियाजवळ वाया पर्वताच्या पायथ्याशी तीनशेहून अधिक एकर रान विकत घेतले आणि तेथे ‘वाइलिमा’ हे घर उभारले. फॅनींनी रान साफ करून घेतले, बियाणे मागवले, भाजीपाला आणि फळझाडे लावली. आई, सावत्र मुले, जावई, नातू आणि सामोअन सेवक असा मोठा कुटुंबकबिला या एका लेखकाच्या लेखणीवर चालत होता. खर्च सतत वाढता असल्याने स्टीव्हन्सन यांना अखेरपर्यंत पैशाची विवंचना होती. कमावता हात एकच आणि खाणारी तोंडे अनेक, हे चित्र व्यापारी घरांना नवे नाही.

त्या काळी सामोआवर जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या तिन्ही सत्तांचा डोळा होता. राजेपदाच्या वादातून १८९३ मध्ये युद्ध पेटले. मताफा या सरदाराचा पक्ष हरला, त्यांना दूरच्या बेटावर हद्दपार करण्यात आले आणि त्यांच्या बाजूचे अनेक सरदार आपियाच्या तुरुंगात पडले. पराभूतांच्या दाराशी सहसा कोणी फिरकत नाही. स्टीव्हन्सन कुटुंब मात्र तुरुंगात जात राहिले. कैद्यांना अन्न पोहोचवले, आजाऱ्यांच्या औषधोपचाराची व्यवस्था केली आणि त्यांच्या सुटकेसाठी प्रयत्न केले. त्यातून काही लाभ होण्याची शक्यता नव्हती. उलट अधिकाऱ्यांचा रोष ओढवण्याचीच भीती होती.

१८९४ मध्ये हे सरदार सुटले आणि त्यांपैकी काही जण वाइलिमाला आले. मोठ्या रस्त्यापासून या घरापर्यंतची वाट अवघड आहे, ती आम्ही नीट बांधून देतो, असे त्यांनी सांगितले. मजुरी घेणार नाही, भेटवस्तू घेणार नाही, आमच्या माणसांच्या जेवणाची सोयही आम्हीच करू. केवळ अवजारे तेवढी वापरायला द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. या प्रस्तावाचे मोल स्टीव्हन्सन यांना पुरते ठाऊक होते. रस्ताबांधणी हे सामोअन लोकांना अत्यंत नावडते काम. सक्तीने कोणी त्यांच्याकडून ते करून घेऊ पाहिले, तर बंडच व्हायचे. तेच काम हे सरदार आपण होऊन करणार होते. ऑक्टोबरमध्ये रस्ता पूर्ण झाला आणि त्याला ‘प्रेमळ अंतःकरणाचा रस्ता’ अशा अर्थाचे सामोअन नाव मिळाले.

या निमित्ताने झालेल्या मेजवानीत स्टीव्हन्सन यांनी सरदारांना दिलेला सल्ला आजही विचार करण्याजोगा आहे. देश भाले-बंदुकांनी राखला जात नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. रस्ते बांधा, मळे लावा, झाडांची निगा राखा, पीक शहाणपणाने विका. जमीन तुम्ही वापरली नाही, तर दुसरे येऊन वापरतील.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच ३ डिसेंबर उजाडला. सकाळी स्टीव्हन्सन यांनी ‘वेअर ऑफ हर्मिस्टन’ या नव्या कादंबरीचा मजकूर सावत्र कन्या बेल यांना सांगितला. काम मनासारखे झाले होते. दुपार पत्रांची उत्तरे देण्यात गेली. फॅनींच्या मनात मात्र एक-दोन दिवसांपासून अशुभाची शंका घर करून होती. जवळच्या कोणावर तरी मोठे संकट येणार, असे त्यांना वाटत होते आणि त्यांचा विचार एखाद्या स्नेह्याकडे जात होता. संध्याकाळी स्टीव्हन्सन खाली आले. पत्नीचा उदास चेहरा पाहून त्यांनी थट्टामस्करी केली, पत्त्यांचा डाव मांडला आणि अमेरिकेत व्याख्यानांचा दौरा काढण्याचे बेत सांगितले. मग भूक लागल्याचे सांगून त्यांनी सॅलडची तयारी करायला पत्नीला बोलावले. दोघे व्हरांड्यात त्या कामाला लागले.

बोलता बोलता त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले. हे काय होते आहे, माझा चेहरा वेगळा दिसतो आहे का, असे विचारत ते गुडघ्यांवर कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टर आले, परंतु शुद्ध परत आली नाही. रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ४४ वर्षे. ज्या फुप्फुसांच्या भीतीने जन्मभर प्रवास घडवला, त्या फुप्फुसांनी अखेर दगा दिला नाही. ज्याची कल्पनाही नव्हती, त्या वाटेने मृत्यू आला. कादंबरी अपुरीच राहिली.

बातमी पसरली तसे सामोअन लोक येऊ लागले. त्यांनी सोबत बारीक विणीच्या चटया आणल्या होत्या. अशी एक चटई विणायला महिनोन्‌महिने लागतात आणि ती घराण्याची ठेव म्हणून जपली जाते. सामोआत सोन्याचा मान तिला. ती ठेव त्यांनी पार्थिवावर अंथरली आणि रात्रभर जागरण केले. तुरुंगातून सुटलेल्यांपैकी एका वृद्धाने कैदेतल्या अन्नाची आणि औषधाची आठवण सांगितली. वाया पर्वताच्या माथ्यावर आपले दफन व्हावे, अशी स्टीव्हन्सन यांची इच्छा होती. पण तेथे जायला वाट नव्हती. रातोरात सरदारांकडे निरोप गेले. सकाळी त्यांची माणसे कुऱ्हाडी आणि कोयते घेऊन चढणीवरच्या घनदाट झाडीत शिरली आणि दुपारपर्यंत वाट तयार झाली. पार्थिव खांद्यांवरून माथ्यावर नेण्यात आले.

पुढे सरदारांनी आणखी एक निर्णय घेतला. त्या डोंगरउतारावर बंदूक चालवण्यास त्यांनी मनाई केली. कबरीभोवतीच्या पाखरांना कोणी मारू नये, त्यांनी तेथे निर्भयपणे गात राहावे, हा त्यामागचा हेतू. जिवंतपणी रस्ता, मृत्यूनंतर पायवाट आणि त्यानंतर पाखरांना अभय; तुरुंगातल्या अन्नाचे देणे अशा तीन हप्त्यांत फेडले गेले.

फॅनींनी काही वर्षांनी वाइलिमा विकले. १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी बेल यांनी त्यांच्या अस्थी सामोआला आणून पतीच्या कबरीत ठेवल्या. समुद्र न मानवणाऱ्या त्या स्त्रीचा तो शेवटचा समुद्रप्रवास होता.

वाइलिमाचे घर आज संग्रहालय आहे. त्या घराची किंमत, कर्जे, पुस्तकांचे मानधन यांचे आकडे अभ्यासकांच्या टिपणांत आहेत. तुरुंगात पोहोचवलेले अन्न किती आणि त्याची रक्कम किती, हे मात्र कोणी मांडून ठेवले नाही. देणाऱ्याने ते टिपून ठेवले नाही आणि घेणारा ते विसरला नाही, म्हणूनच त्या खात्यावर एवढी शिल्लक राहिली.